घंटाघरातले गव्हाणी घुबड



नाताळापूर्वी चर्चच्या मनोऱ्यावर तारा टांगण्याचे काम आपल्या धर्मग्रामातले युवक दरवर्षी करतात. गेल्या आगमनकाळातही ते दोर, शिडी आणि विजेच्या माळा घेऊन घंटाघरात चढले आणि पाचच मिनिटांत धडधडत खाली आले. घंटेच्या मागच्या कोनाड्यात घुबडाने घर केले होते. नुसते घुबडच नव्हे, पिल्लेही होती.

ही बातमी संध्याकाळच्या मिस्सापर्यंत सगळ्या गावात झाली. नोव्हेंबर हा आपण मृतांसाठी प्रार्थना करण्याचा महिना. त्या नोव्हेंबरात चर्चजवळच्या एकाच आळीत तीन अंत्यविधी झाले होते, आणि त्या दिवसांत रात्री मनोऱ्याच्या बाजूने काहीतरी किंचाळल्याचा आवाज अनेकांनी ऐकला होता. दोन गोष्टी जोडायला लोकांना वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी पाच-सहा वडीलधारी मंडळी आमच्याकडे आली. सगळी श्रद्धावान, रविवार न चुकवणारी माणसे. म्हणाली, "फादर, नाताळाच्या आत ते अपशकुनी पाखरू तिथून काढा."

आम्ही काय केले? आम्ही होकार दिला. "उद्या माणूस बोलावतो, झरोक्यांना जाळी ठोकून घेतो," असे सांगून मोकळे झालो. त्या आठवड्यात पापनिवेदने होती, हिशेब होते, गव्हाणीची स्पर्धा होती. घुबडासाठी वाद घालण्याची आमची तयारी नव्हती. आणि कबूल करायचे तर, लहानपणी आजीने सांगितलेले आम्हीही पूर्ण विसरलो नव्हतो. घुबडाला दगड मारू नये, ते तो दगड चोचीत धरून पाण्यात नेऊन टाकते आणि दगड जसा झिजतो तसा मारणारा झिजत जातो, असे ती सांगायची. सेमिनरीत आठ-दहा वर्षे काढली, तत्त्वज्ञानाची पदवी घेतली, तरी आजीचा तो दगड पाण्यात कुठेतरी पडूनच होता.

जाळी किती लागेल याचे माप घ्यायला म्हणून आम्ही त्या रात्री बॅटरी घेऊन वर गेलो. सोबतीला घंटा वाजवणारे आमचे काका होते, पण ते शेवटच्या वळणावरच थांबले.

आधी वास आला. कुजका, उग्र. मग आवाज आला. प्रेशर कुकरची वाफ कोंडून सुटावी तसा फुस्कारा, आणि तो थांबेचना. बॅटरीच्या उजेडात चार पिल्ले दिसली. एक चांगले मोठे, त्याहून धाकटे दुसरे, मग तिसरे, आणि चौथे तर मुठीएवढेच. जिन्याच्या पायऱ्यांसारखी उतरत्या मापाची. अंगावर पिसे नव्हती, मळक्या कापसासारखी लव होती. चारही चेहरे आमच्याकडे वळले आणि डावी-उजवीकडे झुलू लागले. सुंदर म्हणावे असे त्यांच्यात काहीही नव्हते. आमची छाती धडधडत होती. एवढ्यात झरोक्यात मोठा पक्षी येऊन बसला. येताना कसलाही आवाज झाला नाही. पांढरा, बदामाच्या आकाराचा चेहरा आणि त्यात दोन काळे डोळे. चोचीत उंदीर. त्याने आमच्याकडे पाहिले, आणि तो पक्षी आम्हाला अजिबात भ्यायला नाही. तिथे उपरे आम्ही होतो.

माप न घेताच आम्ही खाली उतरलो.

पुढच्या काही दिवसांत आम्ही या पक्ष्याविषयी जे मिळेल ते वाचून काढले. मराठीत याला गव्हाणी घुबड म्हणतात. गोठ्यांत, गव्हाणींत, जुन्या पडक्या इमारतींत राहणारे म्हणून हे नाव. नाताळाच्या तोंडावर हे नाव वाचताना आम्ही जरा थबकलो, हे खरे. खाली चर्चमध्ये बालयेशूची गव्हाणी सजत होती आणि वर गव्हाणीच्याच नावाच्या पाखराला हाकलायला आम्ही जाळी मागवली होती.

त्याचा तो बशीसारखा चेहरा म्हणजे खरे तर एक मोठा कान आहे. चेहऱ्यावरची आखूड, ताठ पिसे आवाज गोळा करतात आणि आत लपलेल्या कानांकडे पोचवतात. दोन कानांची छिद्रे एका पातळीवर नसतात, एक थोडे वर, एक थोडे खाली. त्यामुळे आवाज डावीकडून आला की उजवीकडून, एवढेच नव्हे तर वरून आला की खालून, हेही त्याला कळते. रॉजर पेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने पूर्ण अंधाऱ्या खोलीत वाळलेला पाला पसरून त्यात उंदीर सोडला. घुबडाने केवळ पाल्याच्या सळसळीवरून तो अचूक पकडला. उंदराऐवजी दोऱ्याला बांधलेला कागदाचा बोळा पाल्यातून ओढला, तर घुबडाने त्यावरही झडप घातली. म्हणजे ना वास, ना दृष्टी, फक्त ऐकणे. हे संशोधन १९७१ साली प्रसिद्ध झाले. डोळे खोबणीत पक्के बसलेले, फिरवता येत नाहीत, म्हणून मान फिरवायची. आपल्या मानेत सात मणके, याच्या मानेत चौदा. आणि ज्या पिल्लांच्या फुस्काऱ्याने आम्ही घाबरलो, त्यांच्याविषयी स्वित्झर्लंडमधल्या अभ्यासकांनी २०२० मध्ये लिहिले आहे की आईबापांनी आणलेला उंदीर मोठे पिल्लू कधी कधी स्वतः न खाता धाकट्याला देते. उतरत्या मापाच्या त्या चौघांत सर्वांत लहान पिल्लू जिवंत कसे, याचा थोडा उलगडा आम्हाला तेव्हा झाला.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, आणि त्यानुसार घुबड पकडणे, मारणे, विकणे हा गुन्हा आहे. झरोके बंद करून पिल्ले आत कोंडणे म्हणजे तर सरळ मारणेच. तरीही आपल्या देशात दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी घुबडांचे बळी दिले जातात. ज्या पक्ष्याला आपल्या हिंदू बांधवांच्या परंपरेत लक्ष्मीचे वाहन मानले आहे, त्याचीच ही अवस्था. तेव्हा आपण ख्रिस्ती लोकच तेवढे अंधश्रद्ध, असे कोणी समजू नये, आणि आपण ख्रिस्ती लोक अंधश्रद्ध नाही, असेही कोणी समजू नये.

एवढी माहिती खिशात घेऊन आम्ही त्या आळीत गेलो. ज्यांच्या घरी नोव्हेंबरात मृत्यू झाला होता त्यांना भेटून समजवावे, हा विचार. एका मावशींचे पती गेले होते. त्या रात्री त्यांनी घुबडाचा आवाज स्वतः ऐकला होता. आम्ही त्यांच्या ओट्यावर बसून सर्व सांगितले. कान कसे, उंदीर कसे, तो आवाज म्हणजे केवळ त्या पक्ष्याची साद कशी. मावशींनी शांतपणे ऐकून घेतले. चहा दिला. मग म्हणाल्या, "ते सगळं खरं असेल, फादर. मग ते का गेले?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. दुःखाच्या प्रश्नावर आम्ही सेमिनरीत एक लांबलचक निबंध लिहिला होता आणि त्याला गुणही चांगले मिळाले होते. त्यातले एकही वाक्य त्या ओट्यावर तोंडातून निघाले नाही. मावशींना घुबड नको होते असे नाही. त्यांना कारण हवे होते, आणि घुबड हे कारण म्हणून हाताशी होते. आम्ही ते त्यांच्या हातातून काढून घेतले आणि बदल्यात काहीही दिले नाही.

त्या रात्री आम्ही ईयोबाचे पुस्तक उघडले. ईयोबाची गोष्ट आपणा सर्वांना माहीत आहे. मुले गेली, मालमत्ता गेली, अंगभर फोड आले. मित्र सांत्वनाला आले आणि कारणे देऊ लागले: तू पाप केले असशील, तुझ्या मुलांनी केले असेल. ईयोबाला ती कारणे पटत नाहीत. तो थेट देवाकडेच दाद मागतो. शेवटी, ३८ व्या अध्यायात, वादळातून परमेश्वर बोलतो. वाचणाऱ्याला वाटते, आता तरी उत्तर मिळणार.

आणि परमेश्वर काय सांगतो? तो प्राण्यांविषयी बोलतो.

हे आम्ही वाचले होते, शिकवलेही होते. पण मावशींच्या ओट्यावरून उठून आल्यावर ते पुन्हा वाचताना अंगावर काटा आला. सिंह, कावळ्याची भुकेली पिल्ले, कड्यावर विणारी रानबकरी, रानगाढव, रानबैल, शहामृग, लढाईतला घोडा, ससाणा, गरुड. त्यानंतर बेहेमोथ आणि लिव्याथान हे दोन अजस्र प्राणी, त्यांच्या तर एकेका अवयवाचे वर्णन आहे. या यादीत युद्धाचा घोडा सोडला तर माणसाच्या कामाचा एकही प्राणी नाही. गाय नाही, मेंढी नाही, कुत्राही नाही. रानगाढवाला तर देवाने मुद्दाम मोकळे सोडले आहे, हाकणाऱ्याचा आवाज त्याच्या कानी पडत नाही. त्याचे भाऊबंद आजही कच्छच्या छोट्या रणात धावताना दिसतात, आणि ते पाळीव होत नाहीत. एवढेच काय, ज्या ओसाड प्रदेशात एकही माणूस राहत नाही तिथे पाऊस कोण पाडतो, असाही प्रश्न परमेश्वर विचारतो. आपल्याकडे पाऊस म्हटले की आपण भातशेतीचा विचार करतो, पाणीकपातीचा विचार करतो. निर्मनुष्य जागी पडणाऱ्या पावसाचा देवाला काय उपयोग, हे ईयोबाला विचारावेसे वाटले असेल. त्याने विचारले नाही.

या सगळ्यांत शहामृगाची ओळ आम्हाला पूर्वी नुसती गमतीची वाटायची. परमेश्वर त्याचे कौतुक करतानाही त्याचे दोष लपवत नाही. ते अंडी जमिनीवर टाकते, कोणाचा पाय पडेल याची फिकीर करत नाही, अक्कल त्याला दिलेलीच नाही. (हे त्या काळच्या लोकांचे निरीक्षण होय. प्रत्यक्षात शहामृगाची मादी दिवसा आणि नर रात्री अंडी उबवतो. पवित्र शास्त्र प्राणिशास्त्राचे पाठ्यपुस्तक म्हणून लिहिलेले नाही, हे आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात दरवर्षी सांगतो.) पण हेच बेढब पाखरू धावू लागले की घोडा आणि घोडेस्वार यांना हसते, असे परमेश्वर म्हणतो. त्या शब्दांत आपल्या वेड्यावाकड्या लेकराचे कौतुक करणाऱ्या बापाचा सूर आहे.

आता थोडे मागे जाऊ. ३० व्या अध्यायात ईयोब स्वतःच्या दुर्दशेचे वर्णन करताना म्हणतो की मी कोल्ह्यांचा भाऊ आणि शहामृगांचा सोबती झालो आहे. म्हणजे माणसांतून उठलो, ओसाड जागी ओरडणाऱ्या अभद्र प्राण्यांत जमा झालो. तो हे शिवीसारखे म्हणतो. आणि नऊ अध्यायांनंतर परमेश्वर त्याच्यासमोर शहामृगालाच उभे करतो आणि सांगतो, बघ, हेही माझे आहे, हे हसते. ईयोबाने ज्याच्या पंगतीला बसणे म्हणजे अपमान मानला, ते देवाच्या लाडक्यांत निघाले. एक बारीकशी गोष्ट सांगायची राहिली. ३० व्या अध्यायातल्या त्या हिब्रू शब्दाचे भाषांतर काही जुन्या बायबलांत शहामृग असे नाही. तिथे ईयोब घुबडांचा सोबती आहे.

ईयोबाला 'का' याचे उत्तर मिळत नाही. पुस्तक संपते तरी मिळत नाही. पण तो शांत होतो. आम्हाला वाटते, त्याला दिसते की या जगाचा कारभार त्याच्या भोवती फिरत नाही, आणि तरीही ज्याच्या भोवती तो फिरतो तो कावळ्याच्या पिल्लाचीही भूक ओळखतो.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्हाला प्रश्न असायचा की सृष्टीत इतके प्रकार कशासाठी. एकच परिपूर्ण प्राणी निर्माण करून देवाला थांबता आले असते. संत थॉमस अक्वायनस यांचे म्हणणे असे की परमेश्वराचे चांगुलपण कोणत्याही एका निर्मितीत मावत नाही, म्हणून त्याने अनेक आणि भिन्न गोष्टी निर्माण केल्या. एकीत जे उणे ते दुसरीत प्रकट व्हावे. संत ऑगस्टीन जास्त मोकळेपणाने बोलतात. उंदीर, बेडूक, माश्या आणि किडे का निर्माण झाले हे आपल्याला माहीत नाही असे ते सरळ कबूल करतात, पण प्रत्येक जण आपापल्या जातीत सुंदर आहे हे आपल्याला दिसते, असेही सांगतात. पंधरा-सोळाशे वर्षांपूर्वीच्या एका बिशपने 'मला माहीत नाही' असे लिहून ठेवले, याचा आम्हाला फार आधार वाटतो. २०१५ साली दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या परिपत्रकात हाच धागा पुढे नेला. आपल्यामुळे हजारो जाती नाहीशा होत आहेत, त्या आता आपल्या अस्तित्वाने देवाचा गौरव करू शकणार नाहीत, आणि तसे करण्याचा आपल्याला अधिकार नाही, असा त्यांचा आशय आहे. ईयोबाच्या देशाजवळचे ते अरबस्तानातले शहामृगही आता उरले नाही. घोडा आणि घोडेस्वार यांना ते हजारो वर्षे हसत आले होते. विसाव्या शतकात मोटारी आणि बंदुका आल्या, त्यांना हसता आले नाही.

वेगळ्या दिसणाऱ्या प्राण्याला माणूस भितो हे तर झालेच. पण त्याची हौस करणे हेही कधी कधी भीतीएवढेच जीवघेणे ठरते, आणि त्याची एक गोष्ट आपल्या भागाशी जोडलेली आहे. गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फर शाह याच्याकडे गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्क याने दीव येथे किल्ला बांधण्याची परवानगी मागितली. सुलतानाने परवानगी दिली नाही, भेटवस्तू दिल्या, आणि त्यांत एक जिवंत गेंडा होता. (याच सुलतानाचा मुलगा बहादूर शाह. १५३४ च्या तहात आपली वसई त्याने पोर्तुगिजांना दिली.) अल्बुकर्कने तो गेंडा जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून जहाजात चढवला आणि मे महिन्यात तो लिस्बनला पोचला. रोमन काळानंतर युरोपात कोणी गेंडा पाहिलेला नव्हता. राजा मानुएलने पवित्र त्रैक्याच्या सणाच्या दिवशी गेंडा आणि हत्ती यांची झुंज लावली. हत्ती पळून गेला. पुढे राजाने तो पोप दहावे लिओ यांना भेट म्हणून पाठवला. वाटेत, १५१६ च्या आरंभी, इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज वादळात सापडून बुडाले. गेंड्याला पोहता येते. पण तो साखळदंडाने बांधलेला होता.

न्यूरेंबर्गचा चित्रकार ड्यूरर याने हा गेंडा कधी पाहिला नाही. लिस्बनहून आलेले एक रेखाचित्र आणि वर्णन यांवरून त्याने १५१५ मध्ये त्याचे चित्र कोरले. अंगावर चिलखताच्या पट्ट्या, आणि खांद्यावर एक जास्तीचे छोटे शिंग, जे कोणत्याच गेंड्याला नसते. युरोपातल्या पुस्तकांत पुढची दोनशे वर्षे आणि अधिक काळ हाच गेंडा छापला गेला. आम्हाला हे चित्र फार आवडते, आणि ते पाहताना वाईटही वाटते. गोव्यापासून रोमपर्यंत इतक्या मोठमोठ्या लोकांच्या हातून तो प्राणी गेला. त्याला झुंजवले, नटवले, नजराणा केले. त्याच्याकडे सर्वांत जास्त लक्ष देऊन पाहिले ते न पाहिलेल्या एका माणसाने.

याच्या उलटही घडते. १७९९ साली ऑस्ट्रेलियाहून आलेले प्लॅटिपसचे कातडे जॉर्ज शॉ या इंग्रज शास्त्रज्ञाच्या हाती आले. बदकाची चोच, केसाळ अंग, बीव्हरसारखी शेपटी. कोणी चोच शिवून लावली असेल असा त्याला संशय आला. वस्तू समोर होती, डोळ्यांवर विश्वास बसत नव्हता. हा प्राणी सस्तन असूनही अंडी घालतो, हे सिद्ध व्हायला १८८४ साल उजाडले.

आणि आपल्या सह्याद्रीत तर याहून मोठी गंमत लपलेली होती. केरळमधल्या सह्याद्रीत एक जांभळट, फुगलेला, डुकराच्या नाकाडासारखे टोकदार नाक असलेला बेडूक वर्षभर जमिनीच्या पोटात राहतो, तिथेच वाळवी खातो. पावसाळ्याच्या तोंडावर अगदी थोडे दिवस तो वर येतो, तेही अंडी घालण्यापुरता. तिथल्या लोकांनी तो पाहिलेला होता. विज्ञानाच्या दप्तरात मात्र त्याची नोंद २००३ साली झाली. एस. डी. बिजू आणि फ्रँकी बोसाइट या संशोधकांनी त्याचे नाव ठेवले 'नासिकाबॅट्राकस सह्याद्रेन्सिस', म्हणजे सह्याद्रीतला नाकाडा बेडूक. त्याचे सर्वांत जवळचे नातलग हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर आहेत. भारताची भूमी ज्या काळी त्या बेटांना जोडलेली होती, तेव्हापासूनचे हे घराणे. माणूस या पृथ्वीवर येण्याच्या कोट्यवधी वर्षे आधीपासून हे बेडूक पाऊस पडला की मातीखालून साद घालत होते. ऐकायला कोणी नव्हते. म्हणजे माणूस नव्हता.

एवढे लांब जायलाही नको. आपल्या खाडीवर ओहोटीच्या वेळी तिवरांच्या मुळांशी चिखलात निवट्या उड्या मारत असतात. मासा असून पाण्याबाहेर चालणारा, पुढच्या परांवर कोपरे टेकल्यासारखा सरकणारा, डोक्यावर उगवल्यासारखे डोळे असलेला हा जीव ओल्या कातडीतून आणि तोंडातल्या ओलाव्यातून श्वास घेतो. तो चिखलात बिळे करतो. बाजारातल्या टोपलीत आपण त्याला रोज पाहतो आणि भाव विचारतो. निवट्यांचे कालवण आम्हालाही आवडते, हे इथे कबूल केलेले बरे, नाहीतर आमच्या स्वयंपाकीणबाई हा अंक वाचून हसतील. प्रभू येशूनेही मासे खाल्ले, पुनरुत्थानानंतरसुद्धा. पण बाजारात दोन पैशांना विकल्या जाणाऱ्या चिमण्यांविषयी बोलताना त्याने भाव सांगितला आणि तिथेच न थांबता पित्याला त्यांतली एकही विसरलेली नाही, हेही सांगितले. गेल्या महिन्यात धर्मशिक्षणाच्या मुलांना आम्ही खाडीवर नेले. अर्धा तास नुसते बसून निवट्या पाहायच्या, दगड मारायचा नाही, एवढीच अट. पहिली दहा मिनिटे गोंधळ झाला. नंतर एक मुलगा आमच्या कानाशी येऊन कुजबुजला, "फादर, ते आपल्याकडे बघतायत."

आता घुबडाचे पुढे काय झाले ते सांगतो. धर्मग्राम परिषदेच्या सभेत आम्ही आमचा शब्द मागे घेतला. घाईने दिला, न पाहता दिला, ही आमची चूक झाली असे सांगितले. तारा दक्षिणेच्या भिंतीवर, थोडा खाली टांगला. जाळी अजून सामानाच्या खोलीत पडून आहे. सर्वांना हे पटलेले नाही. दोन कुटुंबे आमच्यावर नाराज आहेत, आणि त्यांच्याशी आमचे बोलणे चालू आहे. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सात, सगळे शांत झाले असताना, वरून तो फुस्कारा ऐकू आला. पुढच्या बाकांवरच्या मुलांनी एकमेकांना कोपरखळ्या मारल्या. आम्ही प्रवचन आवरते घेतले.

मावशी त्यानंतर महिनाभर काही बोलल्या नाहीत. मिस्साला यायच्या, मागच्या बाकावर बसायच्या, जायच्या. त्यांच्या पतींच्या महिनामिस्सालाही आम्ही घुबडाचा विषय काढला नाही. जानेवारीच्या शेवटी एका संध्याकाळी रोझरीनंतर आम्ही चर्चबाहेर आलो, तर त्या ग्रोटोजवळ नातवाचा हात धरून उभ्या होत्या. अंधार पडत होता. मनोऱ्याच्या झरोक्यातून एक पांढरा पक्षी निघाला आणि आमच्या डोक्यावरून खाडीच्या दिशेने गेला. पंखांच्या कडेला असलेल्या बारीक झालरीमुळे त्याच्या उडण्याचा आवाज होत नाही, हे आम्ही वाचले होते; डोक्यावरून जाताना अनुभवणे वेगळे. मावशींनी क्रुसाची खूण केली. भीतीने केली की आणखी कशाने, ते आम्ही विचारले नाही.

नातू म्हणाला, "चला ना, आजी."

"थांब," मावशी म्हणाल्या. मग आमच्याकडे न पाहता, मनोऱ्याकडे मान वर करून त्यांनी विचारले, "फादर, पिल्लं केव्हा निघतात?"

— तुमचे धर्मगुरू